माणूस उचलून पुढे ठेवला

नळ्या जोडून केलेला एक लांबलचक सांगाडा. पुढच्या टोकाला सायकलीची वाटावीत इतकी बारीक दोन चाकं. मागे दोन रुंद टायर, त्यांच्या थोडं पुढे उघडंवाघडं इंजिन. आणि चालक कुठे? तर मागच्या चाकांच्याही मागे. गाडीचा मागचा ॲक्सल त्याच्या मांड्यांखालून गेलेला, क्लच आणि गिअरबॉक्स पायांच्या मधे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्या अशाच असत. त्यांना नाव पडलं होतं स्लिंगशॉट, म्हणजे आपली बेचकी, कारण चालक बेचकीतल्या दगडाच्या जागी बसे.

आज त्याच शर्यतींच्या सर्वांत वरच्या वर्गात, म्हणजे टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये, चालक पुढे असतो आणि इंजिन त्याच्या पाठीमागे. या अदलाबदलीमागे एका माणसाचा तुटलेला पाय आहे, दोन-तीन मृत्यू आहेत आणि एक इतका साधा उपाय आहे की तो वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

आधी शर्यत कशी असते ते पाहू. सरळ रस्ता, मूळची लांबी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या. दिवे हिरवे झाले की सुटायचं, आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला. वळण नाही, वळसा नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटातून बारी सुटते आणि सगळा निकाल काही सेकंदांत लागतो, तसंच हे. ज्यानं बारी पाहिली आहे त्याला ड्रॅग शर्यतीतली ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बैलगाडीचीच गोष्ट निघाली आहे तर तिच्यातला एक शब्द इथे फार उपयोगाचा आहे: उलाळ. गाडीत मागच्या बाजूला जास्त भार भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरचं वजन हलकं होतं, गाडी उलाळ होते. गाडीवान पोती पुढे सरकवून ती सारखी करतो. ड्रॅगची गाडी बांधणाऱ्याला मात्र गाडी जवळजवळ उलाळच हवी असते.

कारण असं की इंजिनात कितीही ताकद असली तरी ती रस्त्यावर उतरते मागच्या दोन टायरमधून. टायर रस्त्याला जितका दाबला जाईल तितका तो पकडेल. दाब कमी पडला की टायर जागच्या जागी फिरणार, धूर निघणार आणि शेजारची गाडी निघून जाणार. म्हणून सगळी कसरत एकाच गोष्टीसाठी: वजन मागे कसं न्यायचं?

यात निसर्ग थोडी मदत करतो. एसटी झटक्यात सुटली की उभे असलेले प्रवासी मागे झुकतात. गाडीचंही तसंच होतं. वेग वाढत असताना पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. किती? गाडीचं वजन, ती किती जोरात सुटते आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, यांचा गुणाकार करायचा आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरानं भागायचं. एक हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांमधलं अंतर अडीच मीटर, आणि गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्याच त्वरणानं सुटली, तर दोनशे किलो भार पुढून उठून मागे जातो. कुणी काही उचललं नाही, सरकवलं नाही, तरी गेला. आणि पुढच्या चाकांवर तेवढा भार मुळात नसेलच, तर ती चाकं हवेत जातात.

हे गणित कुणी फळ्यावर मांडून मग हॉट रॉड बांधल्या असं मात्र झालं नाही. हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तातली गाडी घेऊन, तिचे मडगार्ड, छत, जे जे नको ते काढून, इंजिन वाढवून केलेली वेगाची गाडी. १९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं आणि कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या हाती खेळणं आलं. ते म्युरॉक आणि एल मिराजच्या सुकलेल्या तलावांच्या सपाट पात्रांत गाड्या पळवत.

इंजिन मागे टाकण्याची कल्पना तिथूनच रुजली, आणि तीही विमानाच्या टाकाऊ सामानातून. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा इंधनाच्या टाक्या लावत, गरज संपली की खाली सोडून देत. टाकीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, वारा कापणारा. युद्ध संपल्यावर बिल बर्क नावाच्या माणसानं १९४६ मध्ये अशा टाकीचीच गाडी केली. पुढे पी-३८ विमानाची मोठी टाकी वापरात आली. तिच्या पोटात पुढे माणूस बसे आणि त्याच्या मागे इंजिन. ॲलेक्स झिडियास यांची अशी गाडी १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १९८ मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास ३१९ किलोमीटरपर्यंत गेली. पण तलावावर धाव लांब असते, वेग हळूहळू चढवता येतो. पाव मैलात तशी सोय नाही. तिथे पहिल्या काही मीटरांतच सगळं ठरतं.

१९५० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, आणि लोक वजन मागे नेण्यासाठी काय वाटेल ते करू लागले. लॉइड स्कॉट यांच्या 'बसल बॉम्ब' गाडीत १९५५ मध्ये दोन इंजिनं होती, ओल्ड्समोबिलचं पुढे आणि कॅडिलॅकचं मागे. ताशी दीडशे मैलांचा टप्पा पाव मैलात पहिल्यांदा ओलांडला तो या गाडीनं.

'हर्स्ट हेमी अंडर ग्लास'ची गोष्ट तर मला फारच आवडते. १९६५ ची प्लिमथ बाराकुडा. तिच्या मागच्या बाजूला भलीमोठी काच. त्या काचेखाली, बसायच्या जागेमागे, क्रायस्लरचं प्रचंड हेमी इंजिन बसवलं. हेतू सरळ होता: मागे वजन, टायरला पकड, गाडी जिंकणार. पकड मिळाली, आणि इतकी मिळाली की गाडीनं पुढची दोन्ही चाकं उचलली आणि मागच्या दोन चाकांवरच धावू लागली. पुरती उलाळ! शर्यत जिंकायला ती निरुपयोगी ठरली, कारण हवेतल्या चाकांनी दिशा धरता येत नाही. पण प्रेक्षक वेडे झाले. त्याच सुमारास डॉजच्या एका छोट्या मालवाहू गाडीतही केबिनमागे हेमी टाकलं गेलं. 'लिटल रेड वॅगन' या नावानं ती अशीच दोन चाकांवर चालून गावोगाव गाजली. मागच्या चाकांवर भार किती असावा, याला वरचीही मर्यादा आहे, हे या दोन गाड्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं.

आता स्लिंगशॉटकडे परत येऊ, कारण भार पेलण्याच्या हिशेबात ती जवळजवळ निर्दोष होती. इंजिन मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, माणूस जरा मागे, आणि पुढे लांब नाक, उलाळ होऊ नये म्हणून. दोष होता माणसाच्या जागेत. त्याच्या नाकासमोर हजारावर अश्वशक्तीचा स्फोट चाललेला असे. इंजिनावर हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवलेला असे, आणि तो मूळचा जनरल मोटर्सच्या ट्रक-बसच्या डिझेल इंजिनाचा. इंधन नायट्रोमेथेन. याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमेथेनला १.७ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटीहून अधिक इंधन जाळता येतं. दर किलोमागे उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, तरी एकूण हिशेबात दुपटीहून जास्त ऊर्जा हाती येते. इंजिन नीट चाललं तर. नाही चाललं तर तेल, आग आणि लोखंडाचे तुकडे वाऱ्याबरोबर थेट मागे, चालकाच्या अंगावर.

१९६७ मध्ये माइक सोरोकिन क्लच फुटून गेला. १९६९ मध्ये जॉन मुलिगन इंडियानापोलिसच्या शर्यतीतल्या आगीनंतर गेला. हे दोघेही त्या काळातले अव्वल चालक होते.

आणि डॉन गार्लिट्स. १९३२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला जन्मलेला. स्वतः गाडी बांधणारा, स्वतः चालवणारा. 'दलदलीतला उंदीर' हे हिणवण्याचं नाव त्यानं उचलून आपल्या गाडीलाच दिलं: स्वॅम्प रॅट. मग एकामागून एक गाड्यांना क्रमांक देत गेला. १९५९ मध्ये सुपरचार्जर फुटून तो भयंकर भाजला होता. त्यातून उठून १९६४ मध्ये न्यू जर्सीत त्यानं ताशी २०१.३४ मैलांची, म्हणजे ३२४ किलोमीटरची नोंद केली. पाव मैलात दोनशे मैलांच्या वेगाची अधिकृत नोंद झालेला तो पहिला.

८ मार्च १९७०. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप. स्वॅम्प रॅट १३ सुटण्याच्या क्षणी तिचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले. गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटून गेला. उडालेल्या तुकड्यांनी एक तरुण प्रेक्षकही गंभीर जखमी झाला. रुग्णालयात पडल्या पडल्या गार्लिट्सनं पुढची गाडी मनात बांधायला घेतली: इंजिन पाठीमागे असलेली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आपण 'इंजिन मागे नेलं' म्हणतो, पण खरं तर इंजिन फारसं हललंच नाही. ते आधीही मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे होतं, नंतरही तिथेच राहिलं. हलला तो माणूस. तो ॲक्सलच्या मागून उचलून इंजिनाच्या पुढे ठेवला. भाराच्या हिशेबात फरक पडला, पण तो पेलण्यासारखा होता. मग इतकी वर्षं हे कुणी का केलं नाही?

केलं होतं, आणि त्याचे परिणामही लोकांनी पाहिले होते. अशा गाड्या सरळ जातच नसत. सुटल्यावर जरा डावीकडे, मग झपकन उजवीकडे, मग भिंत. डिसेंबर १९६९ मध्ये वुडी गिलमोरनं बांधलेली अशी गाडी पॅट फॉस्टर चालवत असताना लायन्सवरच आपटली होती. शिवाय धडक झालीच तर पाठीमागचं इंजिन चालकाला चिरडेल, ही भीती वेगळी. इंजिन मागे टाकलेली गाडी म्हणजे अपघात, असं समीकरण पक्कं झालं होतं.

१९७० च्या अखेरीस गार्लिट्स, टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल यांनी स्वॅम्प रॅट १४ बांधून फ्लोरिडात चाचण्या सुरू केल्या. तीही तशीच वागली. पट्ट्यावर सरळ राहीना. बरेच उपाय करून झाले. मग स्विंगलनं सुचवलं की स्टिअरिंग मंद करू.

मंद म्हणजे काय? हातातलं चाक जितकं फिरवाल, त्या मानानं रस्त्यावरची चाकं किती वळतात याचं एक प्रमाण असतं. समजा हात सहा अंश फिरवला की चाक एक अंश वळतं. आता अशी जोडणी केली की त्याच एका अंशासाठी हात दहा अंश फिरवावा लागेल. गाडीतलं दुसरं काहीही बदललं नाही. इंजिन तेच, सांगाडा तोच, टायर तेच. फक्त चालकाच्या हाताचं बोलणं गाडीला हळू ऐकू येऊ लागलं. आणि गाडी सरळ गेली.

हे असं का व्हावं? घरच्या घरी करून पाहा. एक लांब काठी तळहातावर उभी धरा. नजर काठीच्या वरच्या टोकावर ठेवली तर ती बराच वेळ उभी राहते. नजर खाली, तळहाताजवळ ठेवली की लगेच पडते. कारण काठी जरा कलली तरी वरचं टोक वीतभर सरकतं आणि ते दिसतं. तळाशी काहीच दिसत नाही, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्लिंगशॉटचा चालक गाडीच्या पार शेवटी बसे. त्याच्यासमोर गाडीची सगळी लांबी पसरलेली असे, बंदुकीच्या नळीसारखी. नाक किंचित भरकटलं तरी दिसे. शिवाय मागची चाकं घसरली तर तो स्वतःच त्यांच्यासोबत बाजूला फेकला जाई, म्हणजे शरीराला आधी कळे आणि डोळ्यांना नंतर. माणूस पुढे बसवल्यावर या दोन्ही खुणा गेल्या. समोर फक्त छोटंसं नाक उरलं, आणि शेपटाची घसरण त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचू लागली.

उशिरा कळणं आणि हात जोरात फिरणं एकत्र आलं की काय होतं, ते गिझरखाली अंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाणी गार म्हणून आपण गरम नळ सोडतो. गरम पाणी यायला वेळ लागतो, म्हणून आणखी सोडतो. मग एकदम चटका बसतो, म्हणून झटक्यात बंद करतो, आणि पुन्हा बर्फासारखं पाणी. नळ बिघडलेला नसतो, पाणीही ठीक असतं. नळ थोडा थोडा फिरवला की सगळं जागेवर येतं. पण ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगात माणसाला 'थोडा थोडा फिरव' असं सांगून चालत नाही. हात आपोआप फिरतो. म्हणून ती सबुरी हाताऐवजी यंत्रातच बसवली.

इतके दिवस सगळे गाडीत दोष शोधत होते. गाडी चांगली होती. मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाला लागणारा वेळ आणि पोलादी दांड्यांचं प्रमाण यांचा मेळ तेवढा बसला नव्हता. स्विंगल हा वेल्डिंग करणारा, चॅसिस बांधणारा माणूस, आणि त्यानं गार्लिट्सची गाडी स्वतः चालवलेली होती. त्याला हे सुचलं यात नवल नाही असं मला वाटतं. ज्याचे हात दोन्ही बाजूंनी गाडीला लागले होते त्यालाच ते सुचायचं.

१९७१ च्या सुरुवातीला पोमोनाला हंगामाची पहिली मोठी स्पर्धा, विंटरनॅशनल्स, झाली. ती स्वॅम्प रॅट १४ नं जिंकली. मग बेकर्सफील्डची मार्च मीटही जिंकली. इतरांनी वाट पाहिली नाही. दोन-तीन हंगामांत वरच्या वर्गातल्या स्लिंगशॉट जवळजवळ दिसेनाशा झाल्या. चांगल्या चाललेल्या, जिंकणाऱ्या गाड्या लोकांनी बाजूला ठेवल्या आणि नव्या बांधल्या. १९७५ मध्ये गार्लिट्सनं अशाच गाडीतून ताशी २५० मैल ओलांडले.

धोका संपला असं म्हणणं खोटं ठरेल. पुढे बसलेला माणूस समोरच्या भिंतीला पहिला भेटतो. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटाच्या मृत्यूनंतर सर्वांत वेगवान वर्गांची धाव पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणली गेली. कॅलिटा चालवत होता ती फनी कार, आणि फनी कार या वर्गात इंजिन आजही चालकाच्या समोरच असतं. पण टॉप फ्युएलमध्ये इंजिन फुटलं तर आग आणि तेल आता चालकाच्या मागे राहतं, आणि त्यामुळे किती जण घरी परतले असतील त्याची मोजदाद होणार नाही. आज या गाड्या ते एक हजार फुटांचं अंतर चार सेकंदांच्या आत तोडतात आणि ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात.

मागच्या इंजिनाचं आपल्याला काही अप्रूप वाटू नये, इतकं ते आपल्या रस्त्यावर आहे. पुण्याच्या बजाजच्या आरई रिक्षाच्या नावातली दोन अक्षरं म्हणजे 'रिअर इंजिन'च. आधीच्या रिक्षांत ते पुढे असे. टाटांच्या नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिनही मागेच होतं. ड्रॅग शर्यत पाहायची असेल तर तीही लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली आहे. कधी संधी मिळाली तर जरूर जा. आणि गाडी सुटताना तिच्या पुढच्या चाकांकडे बघा, सगळी गोष्ट तिथे दिसते.

स्वॅम्प रॅट १४ आज फ्लोरिडातल्या ओकाला इथे, गार्लिट्सनं उभारलेल्या ड्रॅग शर्यतींच्या संग्रहालयात ठेवली आहे. २०१४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, गार्लिट्सनं विजेवर चालणारी ड्रॅगस्टर पाव मैलात ताशी १८४ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटरपर्यंत नेली. तिचं नाव स्वॅम्प रॅट ३७.